मातीचे घर, मोडीचे लाकूड : भंडारा जिल्ह्यातील गावकुसाबाहेरच्या घराचा इतिहास

१

आपल्याकडे वास्तूचा इतिहास म्हणजे दगडाचा इतिहास, असे समीकरण होऊन बसले आहे. किल्ले, मंदिरे, घाट, राजवाडे यांच्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. त्यांचे शिल्पी, आश्रयदाते, शैली, कालखंड यांच्यावर विद्वानांनी आयुष्ये खर्ची घातली. पण या देशातील बहुसंख्य माणसे दगडी वास्तूत कधी राहिलीच नाहीत. ती मातीच्या भिंतीआड जन्मली, मातीच्या भुईवर निजली आणि त्याच भुईवरून त्यांची प्रेते उचलली गेली. त्यांच्या घराचा इतिहास कोणी लिहिला नाही, कारण ते घर इतिहासाला लागणारा पुरावा मागे ठेवीत नाही. छप्पर उडाले की दोन-चार पावसाळ्यांत भिंत पुन्हा माती होते. लाकूड दुसऱ्या घराला जाते. मागे उरतो तो एक उंचवटा.

सरकारी दप्तराने या घराला एक शब्द दिला आहे : कच्चे. हा शब्द वरवर पाहता बांधकामाचे वर्णन करतो, प्रत्यक्षात तो माणसाची प्रत ठरवतो. कच्चे घर, कच्ची वस्ती, कच्चा रस्ता, कच्ची माणसे. म्हणूनच या शब्दाची तपासणी करणे आवश्यक आहे. हे घर खरोखर कच्चे होते काय? की त्यात राहणाऱ्याला पक्के होऊ दिले गेले नाही? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि आजवर त्यांची गल्लत झालेली आहे. पहिल्याचे उत्तर मातीच्या गुणधर्मात सापडेल, दुसऱ्याचे समाजव्यवस्थेत शोधावे लागेल. वैनगंगेच्या काठचा भंडारा जिल्हा हा या तपासणीसाठी घेतला आहे, कारण येथे मातीही मुबलक आहे, रानही आहे, ऊनही आहे आणि जातही आहे.

२

भंडाऱ्याचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला येथील घराचे शास्त्र वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. नवतप्याच्या दिवसांत दुपारी रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. त्यानंतर मृग लागतो आणि चार महिन्यांत तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे घराला एकाच वर्षात भट्टीही सोसायची आहे आणि धारही. या दोहोंना तोंड देणारे घर येथील माणसांनी हाताशी असलेल्या वस्तूंतून घडवले.

भिंतीच्या मातीची निवड हे पहिले ज्ञान. धानाच्या बांधीतली निव्वळ काळी माती भिंतीला चालत नाही. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि तडकते. तिच्यात मुरूम किंवा रेताड माती मिसळावी लागते. तलावाचा गाळ काही ठिकाणी वापरतात, पण तोही तसाच नाही. खड्ड्यात माती भिजवून, पायांनी तुडवून, तिच्यात धानाचे तणस चिरून घालतात आणि तो गारा मुरू देतात. तणसाचा उपयोग असा की माती वाळताना तिला पडणारी चीर जागच्या जागी अडते. मग गाऱ्याचे गोळे एकावर एक बसवून हातभर उंचीचा थर घ्यायचा, तो वाळू द्यायचा आणि नंतरच पुढचा थर चढवायचा. घाई केली तर ओली भिंत आपल्याच भाराने पोट काढते. होळी झाल्यावर काम धरायचे आणि मृगाच्या आत छप्पर टाकायचे, असे हे गणित. भिंत खाली रुंद, वर थोडी निमुळती. ज्याला एवढी माती आणि मजुरी परवडत नाही तो बांबूचा कूड विणून त्याला दोन्ही बाजूंनी माती थापतो.

दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारचे ऊन आत पोचायला दहा-बारा तास लागतात. तोवर रात्र होते, दारे उघडतात, बाहेरची हवा निवते आणि भिंत आपली उष्णता देऊन टाकते. म्हणजे भिंत उन्हाला अडवत नाही, उशीर करते आणि तेवढ्यावर घर थंड राहते. याच्या वर लाकडी मयालींवर बांबू व माती टाकून केलेला माळा असतो. तापलेल्या कवेलूंची झळ त्या माळ्यावरच अडते. माळ्यावर धान्य, जळण, बी-बियाणे, खाली माणसे. छपराचा पुढे आलेला पाख भिंतीला पावसापासून वाचवतो आणि ओसरीला सावली देतो.

कवेलू कुंभाराचे. चाकावर नळी काढायची, ती मधोमध चिरायची की दोन कवेलू झाले. लाकूडकाम वाढ्याचे, बांबू बुरडाचा. खांबाला सागवान मिळाले तर उत्तम, नाही तर येन, बिजा, मोह. खांब थेट मातीत पुरला तर उदई लागते, म्हणून खाली दगड ठेवतात. आणि येथे जुन्या लाकडाचा प्रश्न येतो. ओले लाकूड वाळताना वाकते, फिरते, सांध्यातून निसटते. चाळीस-पन्नास वर्षे छपराखाली काढलेल्या सागाला जे काही वाकायचे असते ते वाकून झालेले असते. म्हणून मोडलेल्या घराचे लाकूड नव्या घराला लावणे हा केवळ गरिबीचा उपाय नव्हे, तो जाणत्या मिस्त्रीचा निर्णय असतो. अशा मयालीवर जुन्या सांध्यांची भोके दिसतात, ज्यांचा नव्या घरात काही उपयोग नसतो. त्यांच्यावरून या लाकडाने आधी किती घरे पाहिली हे मोजता येते.

या सर्व वर्णनात एक श्रम अजून आला नाही. भिंत पुरुष उभी करतात असे म्हटले जाते, पण ती उभी ठेवतात बाया. माती तुडवणे, पाणी वाहणे, शेण-मातीने सारवणे, पांढऱ्या मातीने पोतारणे, पावसाने खालची कड खाल्ली की ती पुन्हा लिंपणे. दगडी वाड्याला एकदा बांधले की झाले. मातीचे घर दर आठवड्याला थोडे थोडे बांधावे लागते, आणि ते बांधकाम कोणत्याही जमाखर्चात धरले गेलेले नाही. मातीचे घर स्वस्त असते असे जे म्हणतात ते या श्रमाची किंमत शून्य धरून बोलतात.

३

माती आणि लाकूड यांचा या जिल्ह्यातील इतिहास आपल्याला फार मागे नेतो. पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले. जगन्नाथ टेकडी म्हणून लोक जिला ओळखत होते ती टेकडी म्हणजे विटा आणि माती यांनी उभारलेला प्रचंड बौद्ध स्तूप होता. त्याच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्या उपासक-उपासिकांची नावे ब्राह्मी लिपीत सापडली. १९५६ नंतर धम्माकडे वळलेल्या वैनगंगेकाठच्या माणसांना आपल्या पायाखालीच धम्म पुरलेला होता हे १९७० च्या सुमारास कळले. ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या दृष्टीने लहान नाही.

त्या कठड्याचे दगड नीट पाहिले पाहिजेत. उभ्या खांबाला खाच, खाचेत आडवी सूची, वर उष्णीष. हे दगडी काम नव्हे, सुताराच्या सांध्याची दगडातली नक्कल आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर छताला प्रत्यक्ष लाकडी कमानी आजही आहेत. ज्या वास्तुकलेचा आपण गौरव करतो तिने आपले व्याकरण लाकूड आणि माती यांच्या घराकडून घेतले. दगड नंतर आला.

विनयपिटकात धनिय नावाच्या भिक्खूची कथा आहे. हा कुंभाराचा मुलगा. राजगृहाजवळच्या डोंगरउतारावर त्याने गवताची कुटी बांधली. तो भिक्षेला गेला की गवत-काटक्या गोळा करणारे ती मोडून साहित्य घेऊन जात. तीन वेळा असे झाले. तेव्हा त्याने आपल्या जातीची विद्या वापरली. पूर्ण मातीची कुटी केली आणि ती बाहेरून भाजून काढली. लाल, देखणी, वाजवली तर नाद देणारी. बुद्धाने ती पाहिली आणि मोडायला लावली, कारण माती भाजताना किती जीव गेले असतील याचा विचार केला गेला नव्हता. मग धनियाने लाकडाची कुटी करायचे ठरवले. नगराच्या डागडुजीसाठी राखून ठेवलेले राजाचे लाकूड त्याने, राजाने मला दिले आहे, असे सांगून रखवालदाराकडून नेले. चौकशी झाली, रखवालदार बांधला गेला. बिंबिसारापुढे उभा राहून धनिय म्हणाला की राज्याभिषेकाच्या वेळी आपणच गवत, लाकूड आणि पाणी श्रमण-ब्राह्मणांना दिल्याचे जाहीर केले होते. राजाने उत्तर दिले की ते रानातल्या, कोणाचेही नसलेल्या लाकडाविषयी होते. धनिय सुटला, पण संघासाठी न दिलेले घेण्याविरुद्धचा नियम या प्रसंगातून घडला.

ही कथा चोरीच्या निषेधाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्यात आणखी काही वाचावे. एका कुंभारपुत्राला डोक्यावर छप्पर हवे आहे. गवताचे टिकू दिले जात नाही, मातीचे चालत नाही, लाकूड राजाचे आहे. आणि रानातले कोणते लाकूड कोणाचेही नसलेले आणि कोणते राजाचे, ही रेषा राजा ओढतो. पुढच्या दोन हजार वर्षांचा सगळा तंटा या रेषेवर आहे.

४

ही रेषा भंडारा जिल्ह्यात मालगुजारीच्या काळात सर्वात ठळक झाली. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतातील गावे मालगुजारांच्या मालकीची ठरली. शेत त्यांचे, गावठाणावर सत्ता त्यांची, गावचे रान त्यांचे, तलावही त्यांचे. गावकऱ्यांना जळण, चराई आणि घराला लागणारे लाकूड मिळावे म्हणून जी वहिवाट होती तिला निस्तार म्हणत आणि गावच्या वाजिब-उल-अर्ज या कागदात ती नोंदली जाई. पण कागदावरचा निस्तार आणि रानातला निस्तार यांत फरक होता. ज्याच्याकडे जमीन होती त्याला मयाल मागता येत होती. ज्याच्याकडे केवळ दोन हात होते त्याला ती विनवावी लागत होती, आणि विनवणीची परतफेड वेठीने होई. सरकारी राखीव जंगलाचे कायदे १८७८ आणि १९२७ साली झाले, तेव्हा उरलेल्या रानालाही कुंपण पडले.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या पाटलांनी मातीच्या पाळी घालून हे तलाव बांधले आणि त्यांची ही विद्या खरोखर थोर आहे. त्या पाळी म्हणजे मातीचेच बांधकाम. शेकडो वर्षे पाणी अडवून उभ्या असलेल्या त्या मातीला कोणी कच्ची म्हणत नाही. मात्र ती माती खणणाऱ्या आणि वाहणाऱ्या हातांची नावे कोणत्याही आख्यायिकेत नाहीत. त्याच हातांनी त्याच मातीचे घर बांधले की ते कच्चे ठरते.

या जिल्ह्यातील महार कोतवालकी करीत, शेतमजुरी करीत, आणि पुष्कळ जण जाडेभरडे कापड विणीत. विणकराच्या घरात मागाचा खड्डा भुईत खोदलेला असे. माणूस त्यात पाय सोडून बसे. म्हणजे त्या घराची भुई ही एकाच वेळी अंथरूण, चूल आणि कारखाना होती. गिरणीच्या कापडाने तो धंदा मोडला, खड्डे बुजले आणि माणसे तेंदूच्या पानांकडे व बिडीच्या सुपाकडे वळली.

असे घर असलेल्या वस्तीची जागा कोठे असे? गावाच्या एका कडेला, पाणी वाहून जाते त्या बाजूला. बाबासाहेबांनी हिंदू खेड्याची जी अलिखित दंडसंहिता नोंदवून ठेवली आहे तीत अस्पृश्यांची वस्ती दक्षिणेला, अशुभ मानलेल्या दिशेला असावी, असा दंडक आहे. त्याचबरोबर अस्पृश्याने कौलारू छपराचे घर बांधणे हा अपराध मानला जाई, असेही त्यांनी सांगितले आहे. याचा अर्थ काय? कवेलू ही काही सोन्याची वस्तू नव्हे. तिची माती गावचीच, तिला भाजणारा कुंभार गावचाच. पण तणसाचे छप्पर दरवर्षी कुजते, पेटते, उडते. त्याखालचा माणूस दरवर्षी नव्याने तणस मागायला शेतमालकाच्या दारी जातो. कवेलू टाकले की ते मागणे थांबते. व्यवस्थेला भीती कौलाची नव्हती, तिला भीती होती मागणे थांबण्याची.

आणि ज्याच्या पायाखालची जागाच दुसऱ्याच्या मर्जीची आहे, त्याची मालमत्ता कोणती? उचलून नेता येईल ती. खांब, मयाली, दार, चौकट, बांबू. गाव सोडायची वेळ आली की माती मागे राहते आणि लाकूड बैलगाडीत चढते. जुने लाकूड वापरण्याच्या परंपरेचे हे दुसरे मूळ आहे. भूमिहीनाचे घर हे मुळात चालते घर असते.

५

मध्य प्रदेशचा मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा १९५० साली झाला आणि १९५१ च्या मार्चअखेरीस मालगुजारी संपली. रान आणि तलाव सरकारकडे गेले. तलावांच्या पाळींची वार्षिक देखभाल ढिली पडली, हे या बदलाचे एक अंग. दुसरे अंग फारसे लिहिले गेले नाही. वाडे सांभाळण्याची ऐपत आणि गरज दोन्ही कमी झाली. वारसांत वाटण्या झाल्या, काहींनी नागपूर गाठले, वाडे मोडीत निघाले. त्यांचे सागवान बाजारात आले. ज्या वाड्याच्या उंबऱ्याच्या आत ज्यांना पाऊल टाकता येत नव्हते, त्यांच्या घरांत त्या वाड्याची मयाल जाऊन बसणे आता शक्य झाले. ती विकत घेतलेली होती, दान मिळालेली नव्हती. लाकडाला विटाळ नसतो हे शेवटी व्यापाराने सिद्ध केले.

याच काळात, १९५४ साली, बाबासाहेब भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पराभूत झाले. त्यांना हरवणाऱ्या जिल्ह्यातली हजारो माणसे अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर होती. परत आल्यावर त्यांनी पहिले काम घरात केले. मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यातून जुने देव निघाले. तो कोनाडा पोतारून तेथे बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर बसली, शेजारी मुलांची पुस्तके आली. भिंत तीच राहिली, तिच्यातला अर्थ बदलला. मग वस्तीने मिळून विहार बांधले. त्यांतले पहिले विहार बहुतेक मातीचेच, कवेलूचेच, कोणी खांब दिला, कोणी मयाल दिली, बायांनी भिंती लिंपल्या, असे उभे राहिलेले. आज त्यांच्या जागी सिमेंटचे विहार आहेत. त्या पहिल्या विहारांची छायाचित्रेसुद्धा थोडीच उरली आहेत.

६

येथे एका मोठ्या वैचारिक गोंधळाचा परामर्श घेणे भाग आहे. मातीच्या घराचे कौतुक आपल्याकडे नवे नाही. भंडाऱ्यापासून फार लांब नसलेल्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, १९३६ पासून गांधीजी मातीच्या घरात राहिले. बापूकुटीची माती, बांबू आणि कौले पाहायला आज जगातून माणसे येतात. तिची जाड भिंत, खालचे छत, मोकळी ओसरी हे सर्व विदर्भाच्या उन्हाला दिलेले उत्तम उत्तर आहे, याबद्दल वाद नाही. पण त्याच दशकाच्या आरंभी बाबासाहेबांनी मुंबईला दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. पक्के, मजली, पुस्तकांसाठी बांधलेले घर. नाव दिले ते बिंबिसाराच्या नगरीचे, जेथे कुंभाराच्या पोराला लाकूड मिळाले नव्हते त्या नगरीचे.

या दोन घरांची तुलना भावनेने न करता विचाराने केली पाहिजे. बॅरिस्टर झालेला, दिवाणाच्या घरात जन्मलेला माणूस मातीच्या घरात राहायला येतो तेव्हा तो त्याग ठरतो, कारण त्याच्याजवळ त्यागण्यासारखे काही असते. ज्याचा बाप, आजा, पणजा मातीच्या घरात राहिला, त्याला मातीचा उपदेश हा साधेपणाचा उपदेश वाटत नाही. तू आहेस तेथेच राहा, असा तो आदेश वाटतो. बाबासाहेबांचे राजगृह हे चैनीचे प्रतीक नव्हते. ठरवून दिलेल्या जागेला दिलेला तो नकार होता.

जगातही असेच घडलेले आहे. इजिप्तमधील हसन फथी या वास्तुविशारदाने १९४५ नंतर लक्झरजवळ नवे गुर्ना हे गाव कच्च्या विटांनी उभारायला घेतले. स्थानिक गवंड्यांची जुनी विद्या वापरून बांधलेल्या त्याच्या घुमटांची आणि गार खोल्यांची वाखाणणी जगभर झाली. १९७३ साली त्याचे 'आर्किटेक्चर फॉर द पुअर' हे पुस्तक इंग्रजी वाचकांपुढे आले आणि गाजले. मात्र ज्या गुर्नाच्या लोकांसाठी गाव बांधले, त्यांतील बहुतेकांनी तेथे राहायला जाण्याचे नाकारले. त्यांची उपजीविका, त्यांची जुनी जागा, त्यांची इच्छा यांचा हिशेब सरकारने केलेला नव्हता. भिंती उत्तम होत्या. निर्णय दुसऱ्याचा होता. आपल्याकडे लॉरी बेकर यांनी केरळात स्वस्त आणि स्थानिक साहित्याच्या बांधकामाचा आग्रह धरला, मातीची वकिलीही केली. त्यांचे काम आदराने अभ्यासण्याजोगे आहे. तरीही प्रश्न उरतोच की मातीचे घर कोणाला निवडता येते आणि कोणाला सोडता येत नाही.

७

या प्रश्नाचे उत्तर भंडारा जिल्ह्याने २००६ साली रक्ताने दिले. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर यांची जमावाने हत्या केली. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले आणि २०१७ साली न्यायाची वाट पाहत वारले. या कुटुंबाकडे शेतजमीन होती, मुलगी शिकत होती. त्यांना गावात पक्के घर बांधू दिले गेले नाही, हे त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांनी नोंदवले आहे. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी धरून सहा जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१० साली ती २५ वर्षांच्या कारावासात बदलली. अत्याचार प्रतिबंधक कायदा दोन्ही ठिकाणी लागू धरला गेला नाही. जात कोर्टात दिसली नाही. पण ती घराच्या भिंतीत आधीच दिसत होती. कौलारू छपराला अपराध मानणारी दंडसंहिता कागदावरून गेली, गावातून गेली नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

आता सरकारची भाषा पाहू. जनगणनेच्या व्याख्येत भाजलेली वीट, दगड, काँक्रीट यांची भिंत पक्की, आणि लोखंडी पत्र्याची भिंतसुद्धा पक्की. दीड फूट जाडीची मातीची भिंत मात्र तात्पुरती. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ज्याने दुपार काढली आहे त्याने ही व्याख्या केलेली नसावी. १९८५-८६ साली इंदिरा आवास योजना आली, २०१६ साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागाने घेतली, महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. सपाट प्रदेशात एक लाख वीस हजार रुपयांचे साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटर जागा, असे प्रधानमंत्री योजनेचे माप. या योजनांनी असंख्य कुटुंबांना उदईपासून, गळतीपासून, दरवर्षीच्या लिंपणातून सोडवले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सर्वात मोठी सुटका बायांची झाली. पण पातळ विटेची भिंत आणि वर उघडा स्लॅब किंवा पत्रा अशी ही घरे उन्हाळ्यात तापतात. घरकुलाच्या मागे जुने मातीचे घर ठेवून दुपारी त्यात पडणारी म्हातारी माणसे या जिल्ह्यात गावोगाव दिसतील. त्यांना परंपरेचा पुळका नाही. त्यांना ऊन समजते.

मातीची दुसरी बाजूही लपवू नये. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा काठच्या गावांतली मातीची घरे बसली. पायात पाणी साचले की मातीची भिंत तग धरत नाही. आणि पुराच्या बाजूला, सखल भागात कोणाची वस्ती असते हे पुन्हा जातच ठरवते. तेव्हा दोष मातीचा किती आणि जागेचा किती, हे वेगळे मोजले पाहिजे.

पवनीजवळ गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पवनी, भंडारा आणि नागपूर जिल्ह्यातील कुही या भागांतली गावे उठली. ज्या नदीकाठी दोन हजार वर्षांपूर्वी माती आणि विटांचा स्तूप उभा राहिला, त्याच काठची मातीची घरे माणसांनी आपल्या हातांनी उतरवली. कवेलू मोजून काढले, मयाली ओढल्या, दारे-चौकटी ट्रॅक्टरवर घातल्या आणि पुनर्वसित गावठाणात नेल्या. मोबदला ठरवताना मोजणारा भिंतीची लांबी-रुंदी लिहितो, साहित्याचा प्रकार लिहितो, घराचे वय लिहितो. जुने आणि मातीचे म्हटले की किंमत उतरते. तीन पिढ्यांच्या बायांनी दर आठवड्याला घातलेले सारवण कोणत्या रकान्यात लिहायचे?

८

या विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की मातीचे घर हे अज्ञानाचे फळ नाही. माती ओळखणे, गारा मुरवणे, थर वाळू देणे, जुने लाकूड पारखणे ही विद्या आहे. ती बहुजनांची आणि बहिष्कृतांची विद्या आहे, आणि तिच्या धन्यांना ती विद्या आहे हे कोणी कधी सांगितले नाही. दुसरा असा की या विद्येचा गौरव करण्याच्या नावाखाली कोणी आम्हाला मातीतच राहायला सांगत असेल, तर ते आम्हाला मान्य नाही. ज्याला सिमेंटचे घर हवे त्याला ते मिळालेच पाहिजे, गावाच्या मधोमध मिळाले पाहिजे. तिसरा असा की ज्याला जाड मातीच्या भिंतीचे, जुन्या सागाच्या मयालीचे घर हवे, त्यालाही सरकारने कच्चा म्हणू नये. दगडी जोते, पुढे आलेले छप्पर, उदईचा बंदोबस्त आणि पुराबाहेरची जागा दिली तर ते घर पक्केच आहे. साहाय्याची रक्कम त्यालाही लागू झाली पाहिजे.

आपल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी एक काम हाती घ्यावे. प्रत्येक गावच्या बौद्ध मोहल्ल्यात, गोंडांच्या टोल्यांत, ढिवरांच्या वस्तीत अजून काही जुनी घरे उभी आहेत. त्यांची मापे घ्यावीत, नकाशे काढावेत. मयालीवरची जुनी भोके मोजावीत आणि ती मयाल कोणत्या वाड्यातून, किती रुपयांना, कोणत्या साली आली हे म्हाताऱ्यांना विचारावे. पहिला विहार कोणी लिंपला, त्या बायांची नावे लिहून घ्यावीत. पवनीच्या कठड्यावर दान देणाऱ्या उपासिकांची नावे कोरलेली आहेत, म्हणून आज त्या आपल्याला ठाऊक आहेत. आपल्या आया-आज्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. ती घरे पडण्याच्या आधी आणि ती माणसे जाण्याच्या आधी हे काम झाले नाही, तर पुढचा इतिहासकार पुन्हा दगडच मोजत बसेल.